संगती

‘संगती’ हा शब्द मी आयुष्यात दोनदा शिकलो. पहिल्यांदा आजीकडून, जुन्या जालन्यातल्या ओसरीवर. तिन्हीसांजेला उशिरा परतलो की ती एवढेच विचारायची, ‘कोणाच्या संगतीला होतास?’, आणि कुठे होतास, काय करत होतास हे बाकीचे प्रश्न तिला विचारावेच लागत नसत, कारण संगत कळली की उरलेले कळलेच, असा तिचा हिशेब होता. दुसऱ्यांदा हा शब्द भेटला तो नदी ओलांडून नवीन जालन्यात संसार मांडल्यावर, पोटासाठी डेटाबेसचे काम पत्करल्यावर. तिथे एकच माहिती दोन जागी दोन तऱ्हांनी बोलू लागली की ती विसंगती, आणि सगळी माहिती एकमुखाने बोलू लागली की ती सुसंगती, असा पाठ मिळाला. आजीची संगत आणि डेटाबेसमधली सुसंगती हे दोन निराळे शब्द आहेत, उच्चारापुरते जवळ आले आहेत, असे मी कितीतरी वर्षे धरून चाललो. आता वाटते, शब्द एकच होता. त्याचे दोन तुकडे मी केले होते. साधकजन हो, त्या एका शब्दापाशी आज थोडे निवांत बसू.

‘सम्’ म्हणजे एकवटून, नीट, बरोबर. आणि ‘गम्’ म्हणजे जाणे. संगतीच्या पोटात बसणे नाही, जाणे आहे. एसटीच्या एका बाकावर दोन माणसे तासन्‌तास बसतात, तेवढ्याने त्यांची संगती होत नाही. एकाचे पाऊल दुसऱ्याच्या पावलाला ओळखू लागले की ती होते. नवीन आणि जुन्या जालन्यामधून वाहणारी आमची कुंडलिका पुढे दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला मिळते. प्रत्येक संगमावर नाव मागे राहते आणि पाणी पुढे जाते. संगती ती हीच, नाव मागे ठेवून पुढे जाण्याची तयारी. अठराव्या शतकात बारामतीला राहून मोरोपंतांनी ‘केकावली’ रचली, आणि तिच्यातल्या ज्या श्लोकाची पुढे शाळाशाळांतून प्रार्थना झाली त्यातली पहिलीच मागणी सुसंगतीची आहे. इतका मोठा पंडित देवाकडे विद्या मागण्याआधी सोबत मागतो, याचे मला लहानपणी नवल वाटे. धंद्यात केस पिकल्यावर ते नवल ओसरले.

प्रथम माहितीच्या संगतीचा पदर उलगडू. १९७० साली आयबीएममधले संशोधक एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यावर आजच्या तक्त्यांच्या डेटाबेसची सारी इमारत उभी राहिली. त्या निबंधाच्या शीर्षकातच माहितीच्या साठ्यांना लावलेली दोन विशेषणे आहेत, मोठे आणि सामायिक. मोठेपणाकडे सर्वांचे लक्ष जाते. माझे मन दुसऱ्या विशेषणावर थांबते. खिशातल्या चिठ्ठीवर मी काय खरडतो याला संगतीची गरज नाही, ते माझे मला कळते. पण एकाच वहीत दहा हात लिहू लागले आणि शंभर डोळे वाचू लागले, की प्रत्येक गोष्ट कुठे लिहायची आणि किती वेळा लिहायची हे ठरवावे लागते. कॉड यांच्या विचारातून पुढे आलेला नियम ऐकायला सोपा आहे: जी गोष्ट सत्य आहे ती तिच्या जागी एकदाच लिही, आणि इतर सर्व ठिकाणी तिच्याकडे बोट दाखव. सामायिक असणे हे संगतीचे कारण, आणि एकदाच लिहिणे हे तिचे साधन.

याचे उदाहरण आमच्या घरातच आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. त्याआधी जन्मलेल्या आमच्या पिढीच्या कागदांवर जिल्हा औरंगाबाद आहे, नंतर जन्मलेल्या धाकट्या भावंडांच्या कागदांवर जालना आहे, आणि घर तर तसूभरही हललेले नाही. मग २०२३ साली त्या शेजारच्या जिल्ह्याचे नावही छत्रपती संभाजीनगर झाले. ज्याने आपल्या तक्त्यात हजारो ओळींत जिल्ह्याचे नाव अक्षरे जुळवून लिहिले होते त्याला हजारो ओळी धुंडाळाव्या लागल्या आणि काही सुटल्याच. ज्याने जिल्ह्यांचा तक्ता वेगळा ठेवून बाकी ठिकाणी त्याचा केवळ क्रमांक दिला होता त्याने एक ओळ बदलली आणि तो चहाला गेला. पण सूक्ष्म गोष्ट पुढेच आहे. माझ्या जन्मदाखल्यावरचे औरंगाबाद खोटे नाही आणि भावाच्या दाखल्यावरचे जालनाही खोटे नाही. दोन्ही आपापल्या काळी खरी आहेत, फक्त बरोबर चालायची थांबली आहेत. विसंगतीला आपण असत्य समजतो आणि तिच्यावर चिडतो. पुष्कळदा ती एकमेकांची चुकामूक झालेली दोन सत्ये असते. त्यांना पुन्हा भेटवून देणारा कोणी हवा असतो, आणि कोणते नाव कोणत्या तारखेपर्यंत खरे होते हे सांगणारी एक नोंद हवी असते. संगती लावणे म्हणजे हे भेटवून देणे.

आता एक पदर आत जाऊ. १९८३ साली थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर या दोघा अभ्यासकांनी डेटाबेसमधल्या व्यवहाराची चार लक्षणे एका सूत्रात बांधली: व्यवहार घडला तर पुरता घडावा, नाहीतर मुळीच घडू नये, त्याने माहितीची संगती मोडू नये, एकाच वेळी चाललेल्या दोन व्यवहारांनी एकमेकांत लुडबूड करू नये, आणि जे एकदा घडले ते वीज गेली तरी पुसले जाऊ नये. मी ही चार लक्षणे कितीतरी मुलांना शिकवली, आणि शिकवता शिकवता एके दिवशी माझ्याच ध्यानात आले की पहिले, तिसरे आणि चौथे यंत्र स्वतःच्या बळावर सांभाळू शकते, परंतु दुसरे लक्षण त्याला एकट्याने सांभाळता येत नाही. शिलकीचा आकडा उणे होऊ नये, गिऱ्हाइकाशिवाय पावती असू नये, अशी मर्यादा आखून दिली तर यंत्र ती लक्ष्मणरेषेसारखी पाळील. पण मर्यादा कोणती आखायची, हे त्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असते माणसांना, आणि तेही एका माणसाला सगळे ठाऊक नसते. म्हणून माहितीची संगती हवी असेल तर माणसांच्या संगतीला जावेच लागते, हे त्या चौकडीतल्या दुसऱ्या लक्षणाचे गूढ आहे.

हे मला पुस्तकाने नाही शिकवले, एका वजनकाट्याने शिकवले. आमचे जालना सळयांचे गाव. औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलची प्रणाली मी तरुणपणी बांधली होती. बारा मिलिमीटर जाडीची, बारा मीटर लांबीची सळई पुस्तकी हिशेबाने सुमारे १०.६६ किलोची भरते. मी मोठ्या आत्मविश्वासाने मर्यादा आखली की बंडलातल्या सळयांची संख्या गुणिले हे वजन बरोबर काट्यावरचे वजन, नाहीतर पावती निघणार नाही. पहिल्याच सकाळी फाटकावर ट्रकांची रांग लागली, चालक हॉर्न वाजवू लागले, आणि मी मात्र काटा बिघडला आहे असे सर्वांना पटवत होतो. तेव्हा काट्यावर आयुष्य घालवलेले एक मामा मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाले, ‘साहेब, सळई रुळातून निघते, पुस्तकातून नाही. रूळ झिजत जातो तशी सळई अंगाने भरते. रूळ बदलला की पुन्हा बारीक होते.’ मग मी भारतीय मानक १७८६ उघडून पाहिले. या जाडीला वजनात पाच टक्के इकडेतिकडे चालते, असे तिथे छापलेलेच होते. माझ्या प्रणालीत तर्क होता, संगती नव्हती. कारण ती बांधताना मी मामांच्या संगतीला एक तासही बसलो नव्हतो.

इथे कोणी विचारील, ज्याच्या गावात या विद्येची माणसेच थोडी, त्याने संगती कुठून आणावी? प्रश्न रास्त आहे. पुण्या-मुंबईत एका इमारतीत जितके डेटाबेसवाले सापडतात तितके अख्ख्या जालन्यात फिरूनही सापडायचे नाहीत. पण श्रवणाची साधने आता दाराशी आली आहेत. सिल्बरशाट्झ आणि कॉर्थ यांच्यासह आयआयटी मुंबईचे एस. सुदर्शन ज्याचे लेखक आहेत, ते मुखपृष्ठावर शिडाच्या नावा मिरवणारे पाठ्यपुस्तक जगभरचे विद्यार्थी वाचतात. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचा डेटाबेसचा पूर्ण अभ्यासक्रम घरबसल्या ऐकता येतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात संगणकाचे छोटे छोटे पाठ मराठीतूनही मिळतात. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली याच जिल्ह्यातल्या जांबेचा; त्यांच्या दासबोधात नवविधा भक्तीचे निरूपण श्रवणापासून सुरू होते, ही गोष्ट शिकणाऱ्याने ध्यानी ठेवावी. आणि धंद्यातला माणूस म्हणून मला त्या ग्रंथाच्या रचनेचेही कौतुक वाटते: वीस दशक, दर दशकात दहा समास, समासात क्रमाने ओव्या, तीन आकडे सांगा, नेमकी ओवी हाती येते, कुठल्याही घरातल्या कुठल्याही प्रतीत. ज्याने उपदेशाला असा पत्ता दिला त्याला ठाऊक होते की तो अनेकांनी मिळून वाचायचा आहे. दासबोध आहेही श्रोत्यांच्या शंका मध्ये घेत चाललेला संवाद. एकट्याने ऐकलेला पाठ ही संगतीची अर्धी वाट आहे. शंका विचारली गेली आणि कोणी ती मनावर घेतली, की उरलेली अर्धी चालून होते.

तरी एकांताला उणे लेखू नका. वर सांगितलेल्या चार लक्षणांत संगतीच्या लगेच पुढे उभे असलेले तिसरे लक्षण एकांताचेच आहे: प्रत्येक व्यवहाराने जणू आपण एकटेच आहोत अशा निष्ठेने आपले काम पुरे करावे, अर्धवट काम दुसऱ्याच्या नजरेस पडू देऊ नये, आणि पुरे झाले की मग ते सर्वांच्या स्वाधीन करावे. रात्री घर निजल्यावर जो विद्यार्थी डेटाबेसकडून संथ उत्तर मिळणारा एक प्रश्न घेऊन बसतो, निर्देशांक लावून पाहतो, काढून पाहतो, यंत्राने आखलेली उत्तराची योजना वाचतो, पुन्हा लावतो, तो हा एकांत साधत असतो. अशा एकांतातून कमावलेले काही हाती असेल तरच सभेत देण्यासारखे काही असते. रित्या हातांनी भरलेली सभा ही गर्दी होते, संगती होत नाही.

या विद्येच्या सभाही आपल्या भूमीत पूर्वीपासून भरत आल्या आहेत, आणि त्यांची वार्ता लहान गावांपर्यंत पोहोचत नाही म्हणून सांगतो. माहितीच्या व्यवस्थापनावरची ‘कोमॅड’ ही भारतातली परिषद १९८९ पासून चालत आली आहे; ती २०१२ साली पुण्यात भरली, २०१८ साली गोव्यात, २०२३ साली मुंबईत. प्रचंड माहितीसाठ्यांवरची ‘व्हीएलडीबी’ ही जागतिक परिषद तर १९९६ सालीच मुंबईला येऊन गेली. पोस्टग्रेस ही डेटाबेसची प्रणाली वापरणाऱ्यांची वार्षिक परिषद बंगळूरला भरते. हा पोस्टग्रेस स्वतःच संगतीचे उदाहरण आहे: १९८६ साली बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातून तो जन्मला, १९९६ मध्ये त्याला आजचे पोस्टग्रेसक्यूएल हे नाव मिळाले, आणि आज तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. त्यात बदल सुचवायचा तर तो सर्वांसमोर मांडावा लागतो, दुसऱ्यांनी तपासावा लागतो, आणि दुसऱ्यांनी आपला तपासावा अशी इच्छा असणाऱ्याने इतरांचाही तपासावा, अशी त्या मंडळींची रीत आहे. २०१८ च्या अकराव्या आवृत्तीत दोन विभागलेल्या तक्त्यांची जुळणी करताना विभागाशी विभाग थेट जुळवण्याची सोय आली. तिच्या नोंदीपुढे आशुतोष बापट असे नाव आहे. ते वाचताना मला आपल्या माणसाचा अभिमान वाटला, आणि लगोलग हेही जाणवले की जगभरच्या किती अनोळखी डोळ्यांखालून ते काम गेले असेल तेव्हा ते एक नाव तिथे टिकले. संगतीत नाव मागे ठेवावे लागते असे मी वर म्हणालो. ज्याने ते आधी मागे ठेवले त्याचे ती जपूनही ठेवते.

मी स्वतः पहिल्यांदा अशा मेळाव्याला गेलो तो रात्रीच्या एसटीने पुण्याला. व्यासपीठावरची पहिली दोन भाषणे माझ्या डोक्यावरून गेली, हे कबूल करतो. इंग्रजी भराभर होती आणि माझा संकोच त्याहून मोठा होता. तिसऱ्या भाषणाला एक मध्यमवयीन गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, आम्ही वर्षभर रोज रात्री माहितीची प्रत काढून ठेवत होतो, आणि गरज पडली त्या दिवशी कळले की त्यातली एकही प्रत पुन्हा उघडत नाही. सभागृह शांत झाले. मग ते चूक कुठे झाली हे पायरी पायरीने सांगत गेले, आणि मधल्या सुटीत चहाचा कप हातात घेऊन लोक त्यांच्याभोवती जमले ते आपापल्या चुका घेऊन. जालन्याला परतल्यावर मी पहिले काम केले ते जपून ठेवलेल्या तीन प्रती उघडून पाहण्याचे. दोन उघडल्या, एक उघडली नाही. त्या एका न उघडलेल्या प्रतीने माझी संगतीची व्याख्या बदलली. आपल्याहून थोरांच्या सान्निध्याला मी तोवर सत्संग म्हणत होतो. जिथे कोणी आपली चूक निर्भयपणे उघडी करतो आणि ती ऐकणारा घरी जाऊन स्वतःची चूक शोधतो, तोही सत्संगच आहे, आणि कीर्तनाहून परतलेला माणूस याहून वेगळे काय करतो?

आता शेवटचा पदर. २००० साली एरिक ब्रूअर यांनी एक कठीण सत्य मांडले आणि दोन वर्षांनी गिल्बर्ट आणि लिंच यांनी ते सिद्ध केले. माहिती दोन दूरच्या ठिकाणी ठेवली आणि मधला दुवा तुटला, तर दोहोंपैकी एकच साधता येते: विचारणाऱ्याला लगेच उत्तर द्यावे आणि संगती सुटण्याचा धोका पत्करावा, किंवा संगती राखावी आणि दुवा जुळेपर्यंत विचारणाऱ्याला थांबवावे. कल्पना करा, कुंडलिकेच्या दोन तीरांवर एकाच पेढीच्या दोन वह्या आहेत आणि पूल बंद झाला आहे. नवीन जालन्यातला मुनीम गिऱ्हाइकाला परत पाठवत नाही, हिशेब लिहीत राहतो, जुन्यातलाही लिहितो, पूल खुला होईपर्यंत दोन्ही वह्या खऱ्या आणि दोन्ही अपुऱ्या. यावर मार्ग एकच, पूल खुला झाल्यावर दोघांनी एकत्र बसावे, ओळीशी ओळ ताडून पाहावी, जिथे मेळ नाही तिथे कोणाची नोंद ठेवायची हे आधी ठरलेल्या रीतीने ठरवावे, आणि मग पुन्हा एक वही करावी. अशा संगतीला आमच्या विद्येत कालांतराने येणारी संगती म्हणतात.

हे वाचले तेव्हा मला माझेच चित्र दिसले. लहान गावातला जाणकार हा दुवा तुटलेल्या तीरावरचा मुनीम असतो. त्याला रोज उत्तरे द्यावीच लागतात. मिलवाला थांबत नाही, बियाण्यांचा व्यापारी थांबत नाही, मोसंबीचा ट्रक तर मुळीच थांबत नाही. तो एकट्याने ठरवतो, एकट्याने लिहितो, आणि त्यात दोष नाही. दोष तेव्हा लागतो जेव्हा पूल खुला झाल्यावरही तो आपली वही ताडून पाहायला जात नाही आणि तिलाच प्रमाण मानतो. म्हणून वर्षातून एकदा तरी निघावे. आषाढीला जुन्या जालन्यात आनंदी स्वामींच्या मंदिरापाशी गर्दी लोटते, वारकरी पंढरीची वाट धरतो, ते देव वर्षभर घरी नव्हता म्हणून नव्हे. वर्षभर एकट्याने लिहिलेले सर्वांच्या वहीशी ताडून पाहायचे असते. परिषदेचे भाडे, रजा, दगदग यांचा हिशेब करणाऱ्या तरुणांना मी हेच सांगतो: शिकायला जाता तसे जुळवायलाही जा. तेथून आणलेली नवी गोष्ट दोन वर्षांत जुनी होईल. जुळवून घेतलेली वही पुढच्या प्रत्येक नोंदीला उपयोगी पडेल.

आणि ज्याला जाणे जमत नाही त्याने आपल्या तीरावर दोन माणसे जमवावीत. आम्ही नवीन जालन्यात महिन्याच्या शेवटच्या रविवारी एका खोलीत बसतो. पाच-सहा मुले-मुली असतात, कधी दोनच. नियम एवढाच की प्रत्येकाने एक न सुटलेली गोष्ट आणायची. एका रविवारी मी त्या वजनकाट्यावरच्या मामांना बोलावले. ते आता निवृत्त आहेत, संगणकाला त्यांनी कधी हात लावलेला नाही, आणि मुलांसमोर काय बोलावे हे त्यांना सुचेना. शेवटी एका मुलीने विचारले, मामा, इतकी वर्षे काट्यावर होता, तुम्ही सकाळी आल्यावर पहिले काय करायचा? मामा म्हणाले, ‘आधी रिकामा काटा बघायचो. शून्यावर आला का नाही. काट्यावर रात्रीची माती बसलेली असते. ती झाडल्याशिवाय पहिला ट्रक घ्यायचा नाही.’

मुलांनी ते लिहून घेतले. मीही घेतले.